रिपोर्ट त्यांचे, सर्व्हर सगळ्यांचा

प्रश्न : मी एका वितरण व्यवसायात आयटी विभागप्रमुख म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. माझ्याबरोबर दोनच जण आहेत. आल्यावर कळलं की कंपनीतले बरेचसे महत्त्वाचे रिपोर्ट आयटीने केलेलेच नाहीत. साठा विभागातले एक ज्येष्ठ सहकारी कित्येक वर्षांपासून मुख्य डेटाबेसवर थेट क्वेरी, म्हणजे हवी ती माहिती मागणारी लेखी सूचना, चालवतात, निकाल अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये घेतात, तिथून एक्सेलमध्ये नेतात, आणि दर सोमवारी ती फाइल संचालकांकडे जाते. त्यांचं पाहून विक्री आणि हिशेब विभागानेही तेच सुरू केलं. सगळे एकाच लॉगिनने आत जातात. गेल्या महिनाअखेरीला ऑर्डर नोंदवण्याचं काम भर दुपारी ठप्प झालं. कुणाची तरी क्वेरी चालू होती. कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच आठवड्यात बैठकीत विक्रीचा आकडा एका विभागाने एक सांगितला, दुसऱ्याने दुसरा. मी थेट प्रवेश पूर्ण बंद करणारं चौदा पानी धोरण लिहून ठेवलं आहे. संचालक म्हणतात, रिपोर्ट एकही दिवस थांबता कामा नयेत. ते ज्येष्ठ सहकारी सहा महिन्यांत निवृत्त होत आहेत आणि धोरणाची कुणकुण लागल्यापासून माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. मी काय करावं?

उत्तर : ते धोरण आत्ता लागू करू नका. तुमची काळजी रास्त आहे, आणि सगळ्यांचं एकच लॉगिन ही गोष्ट तर फार काळ चालू ठेवण्यासारखी नाही. पण बंदी घातल्याने रिपोर्टची गरज संपत नाही. संचालकांना सोमवारी फाइल हवीच आहे. दार बंद झालं की लोक सॉफ्टवेअरमधून मिळेल ती यादी एक्सपोर्ट करतील, चार फाइली हाताने जोडतील, जुनी प्रत नव्यावर चिकटवतील. आज निदान क्वेरी सर्व्हरवर चालताना तुम्हाला दिसते. उद्या ती कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये असेल, आणि आकडा मात्र संचालकांच्या टेबलावर आजच्याच वजनाने पडेल.

एक गोष्ट तुमच्या धोरणात कुठेही नसेल असं मला वाटतं, म्हणून सांगते. या क्वेरी जिच्यात लिहितात ती एसक्यूएल ही भाषा प्रोग्रामरांपुरती म्हणून जन्मालाच आली नव्हती. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली तिची पहिली मांडणी केली, तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं. ही भाषा कुणासाठी, हे सांगताना त्यांनी संगणकतज्ज्ञ नसलेल्या लोकांची उदाहरणं दिली होती : हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार, नगररचनाकार. तुमचे साठा विभागातले सहकारी तेच करत आहेत ज्यासाठी ही भाषा केली गेली. कुणी शिकवलं नसताना, आपलं रोजचं काम सांभाळून ते शिकले. त्यांना नियमभंग करणारा माणूस म्हणून पाहणं थांबवलंत तर पुढचं बरंच सोपं होईल.

आता मूळ मुद्दा. तुमच्या धोरणात रेषा साधनावर ओढलेली आहे : अ‍ॅक्सेस नको, एक्सेल नको, थेट क्वेरी नको. ती रेषा परिणामावर ओढायला हवी. एखाद्याने सकाळी मनात आलेली शंका फेडण्यासाठी चालवलेली क्वेरी वेगळी, आणि जिच्या आकड्यावर माल मागवला जातो ती वेगळी. दोन्ही कदाचित त्याच चार ओळींच्या असतील, एकाच फाइलमध्येही असतील. प्रत्येक रिपोर्टबद्दल दोनच प्रश्न विचारा. हा चुकला तर कोण काय चुकीचं ठरवेल? आणि हा सोमवारी आला नाही तर फोन कुणाचा येईल? कुणाचाच येणार नसेल तर त्याला नियमाची गरज नाही. संचालकांचा येणार असेल, तर तो रिपोर्ट करणारा माणूस कुठल्याही विभागाचा असो, रिपोर्ट आता कंपनीचा झालेला आहे.

आधी महिनाअखेरीचा गोंधळ मिटवा, कारण त्यासाठी कुणाचं मन वळवावं लागत नाही. डेटाबेस कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल आणि त्याची मूळ सेटिंग तशीच असेल, तर वाचणारी क्वेरी वाचताना लॉक घेते, म्हणजे त्या नोंदींना तात्पुरतं कुलूप लावते, आणि त्या ओळींवर लिहू पाहणाऱ्याला थांबावं लागतं. अ‍ॅक्सेसमधून जोडलेलं मोठं टेबल, म्हणजे डेटाबेसमधला तक्ता, उघडलं की पहिली काही पानं दिसतात, माणूस जेवायला निघून जातो, आणि उरलेला निकाल सर्व्हरवर ताटकळत राहतो, कधी लॉकसकट. त्या माणसाला याची कल्पनाही नसते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की ऑर्डर सेव्ह होत नाही. ओरॅकल किंवा पोस्टग्रेस असेल तर वाचणारा लिहिणाऱ्याला असा अडवत नाही, पण डिस्क आणि मेमरी दोघांची एकच असते. शिवाय पोस्टग्रेसमध्ये तासन्‌तास चाललेली क्वेरी जुन्या, बाद झालेल्या ओळींची सफाई रोखून धरते.

लॉकवर उपाय म्हणून कुणीतरी क्वेरीत ‘नोलॉक’, म्हणजे लॉक न घेता वाचण्याची सूचना, लिहायला सांगेल. कदाचित तुमच्याकडे ते आधीच लिहिलेलं सापडेल. ते राहू देऊ नका. त्याने वाट पाहणं टळतं, पण अजून पक्की न झालेली, पुढच्या क्षणी रद्द होणारी नोंदही वाचली जाते. वाचन चालू असताना ओळी हलल्या तर एखादी ओळ सुटते, एखादी दोनदा मोजली जाते. साठ्याच्या रिपोर्टला हे परवडणारं नाही, आणि असा चुकलेला आकडा पुन्हा क्वेरी चालवली की नाहीसा होतो, म्हणून तो शोधताही येत नाही.

खरा उपाय म्हणजे रिपोर्टसाठी वेगळी प्रत. सगळ्यात स्वस्त मार्ग असा : रोज रात्रीचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उतरवा आणि सगळे रिपोर्ट तिथून चालवा. यात एक मोठा फायदा आपोआप पदरात पडतो. तुमचा बॅकअप खरोखर परत उतरतो की नाही, याची परीक्षा रोज रात्री होते. कित्येक ठिकाणी हे अडचणीच्या दिवशीच कळतं. कालपर्यंतचा आकडा पुरतो का, हे प्रत्येक विभागाला विचारा. हिशेबाला पुरेल, विक्रीलाही बहुधा पुरेल. साठ्याला काही रिपोर्ट आजचे लागतील, त्यांच्यासाठी सतत अद्ययावत होणारी रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसची जुळी प्रत, ठेवता येते. पोस्टग्रेसची रेप्लिका असेल तर एवढं ध्यानात ठेवा की मुख्य सर्व्हरकडून आलेले बदल आणि रिपोर्टची क्वेरी यांची टक्कर झाली, तर मूळ सेटिंगनुसार रेप्लिका ३० सेकंद थांबते आणि मग क्वेरी रद्द करते. हे वापरकर्त्यांना आधी सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ‘नवं चालत नाही’ अशी बोंब होईल. आणि वेगळ्या प्रतीवरही क्वेरीला वेळेची मर्यादा घाला. दहा मिनिटांत न संपणारी क्वेरी बहुतेक वेळा चुकलेली असते.

प्रत तयार झाली की प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं लॉगिन द्या, फक्त वाचण्यापुरतं आणि फक्त त्या प्रतीवर. हे कशासाठी, ते स्पष्ट सांगा : पाळत ठेवण्यासाठी नव्हे, तर क्वेरी अडकली की कुणाला फोन करायचा हे कळावं म्हणून. जुन्या सामायिक लॉगिनचा पासवर्ड कित्येक फाइलींमध्ये लिहिलेला असणार, त्यामुळे तो लगेच बदलू नका. आधी नवं चालू करा, लोकांना तिकडे नेऊन बसवा, जुन्या लॉगिनवर अजून काय चाललंय ते नोंदीत पाहत राहा.

मूळ टेबलं उघडी करण्याऐवजी व्ह्यू द्या, म्हणजे टेबलांतलं हवं तेवढंच दाखवणारी, नाव देऊन साठवलेली क्वेरी. पगार, घरचा पत्ता, फोन नंबर हे रकाने ज्याला लागत नाहीत त्याला दिसूच नयेत. पण व्ह्यूचं मोठं काम दुसरंच आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि एखाद्या रकान्याचं नाव बदललं, तर आज चाळीस फाइली फुटतील आणि त्यातल्या निम्म्या कुठे आहेत हे तुम्हाला माहीतही नाही. व्ह्यू असेल तर दुरुस्ती एकाच जागी.

आता न जुळणाऱ्या आकड्यांकडे येऊ. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. सर्व्हर अडकतो तेव्हा सगळ्यांना कळतं. चुकीचा आकडा चुपचाप पुढे जातो.

दोन विभागांचे आकडे वेगळे येतात तेव्हा बऱ्याचदा दोन्ही बरोबर असतात. विक्री विभाग ऑर्डरची तारीख धरतो, हिशेब विभाग बिलाची. एकजण परत आलेला माल वजा करतो, दुसरा करत नाही. एकाच्या आकड्यात कर धरलेला, दुसऱ्याच्या नाही. रद्द झालेल्या ऑर्डरी टेबलातून पुसल्या जात नाहीत, त्यांच्यावर फक्त खूण होते, आणि ती खूण वगळायची हे एकाला ठाऊक असतं, दुसऱ्याला नसतं. हे क्वेरीने सुटणार नाही. दोन्ही विभागप्रमुखांना एका टेबलाशी बसवा आणि ‘विक्री’ म्हणजे काय हे दोन ओळींत लिहून घ्या. दोन व्याख्या लागतच असतील तर दोन ठेवा, पण त्यांना दोन नावं द्या : ‘नोंदवलेली विक्री’ आणि ‘बिल झालेली विक्री’. मग त्याच नावांचे व्ह्यू करा.

उरलेला फरक खऱ्या चुकांचा असतो, आणि त्या चुका ठरलेल्या असतात. पहिली जोडणीची. एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू आहेत आणि तिचे पैसे दोन हप्त्यांत आले आहेत. ऑर्डरला वस्तूंचं टेबल जोडलं आणि पैशांचंही जोडलं, की एका ऑर्डरच्या सहा ओळी होतात. बेरीज केली की मालाची रक्कम दुप्पट आणि जमा तिप्पट. क्वेरी चूक दाखवत नाही. ज्या ऑर्डरी एका वस्तूच्या आणि एका हप्त्याच्या आहेत त्या बरोबरच येतात, म्हणून एकूण आकडा थोडासाच फुगलेला दिसतो आणि खराही वाटतो. दुसरी चूक तारखेची. ‘१ पासून ३१ पर्यंत’ असं लिहिलं आणि रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल, तर ३१ तारीख म्हणजे ३१ तारीख सुरू होतानाचा मध्यरात्रीचा क्षण. त्या दिवसाची सगळी विक्री बाहेर राहते, आणि महिन्याचा शेवटचा दिवस हाच बहुधा सर्वांत गर्दीचा. ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी’ असं लिहायची सवय लावा. तिसरी चूक रिकाम्या रकान्याची : ‘नॉट इन’ म्हणजे ‘या यादीत नसलेले’, जसे पैसे भरलेल्यांच्या यादीत नसलेले ग्राहक. त्या यादीत एक जरी नल, म्हणजे रिकामी नोंद, आला तरी निकालात एकही ओळ येत नाही, आणि माणूस समजतो की थकबाकीदार कुणी उरलेच नाहीत. या तीन चुका तासाभरात उदाहरणांनी शिकवता येतात. असा तास तुम्ही स्वतः घ्या. धोरणाच्या चौदा पानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि प्रत्येक महत्त्वाच्या रिपोर्टच्या तळाशी ताळा हवा : किती ओळी आल्या, एकूण रक्कम किती, आणि खातेवहीतल्या रकमेशी ती जुळते का. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात भरले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी गळत राहिल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायलाही उशीर झाला. ही कोपऱ्यातल्या एखाद्या कारकुनाची फाइल नव्हती, अधिकृत यंत्रणा होती. आत किती ओळी गेल्या आणि बाहेर किती आल्या, एवढं रोज ताडून पाहिलं असतं तरी ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचे डोळे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. देशोदेशींच्या धोरणचर्चेत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यातले आकडे काही केल्या पुन्हा काढता येईनात. त्याने मूळ फाइल मागितली, लेखकांनी ती दिली, आणि २०१३ मध्ये इतर काही आक्षेपांबरोबर हेही उघड झालं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी धरलेल्याच नव्हत्या. आकडेमोडीची फाइल दुसऱ्या माणसाच्या हातात गेली म्हणून ते सापडलं. तुमच्याकडे संचालकांकडे जाणाऱ्या प्रत्येक रिपोर्टची क्वेरी, करणाऱ्याखेरीज आणखी एकाने वाचलेली हवी. वाचणारा आयटीतलाच हवा असं नाही. साठ्याची क्वेरी हिशेबातल्या माणसाने वाचली तर उलट जास्त चांगलं.

हे सगळं नियमांत कसं बसवायचं? चौदा पानांचं एक पान करा. स्वतःपुरत्या क्वेरीला नियम दोनच : आपलं लॉगिन आणि रिपोर्टची प्रत. विभागात फिरणाऱ्या रिपोर्टवर करणाऱ्याचं नाव, आकडे कधीपर्यंतचे आहेत ती तारीख, आणि क्वेरी कुठे ठेवली आहे ते असावं. संचालकांकडे, बाहेर किंवा हिशेबाच्या पुस्तकांत जाणाऱ्या रिपोर्टला व्याख्या ठरलेल्या, क्वेरी दुसऱ्याने वाचलेली, तिची प्रत्येक आवृत्ती जपलेली, आणि ती कुणाच्या खासगी लॉगिनवर नव्हे तर रिपोर्टसाठी काढलेल्या खात्यावर ठरल्या वेळी आपोआप चालणारी. रंग, रकान्यांचा क्रम, एक्सेलमधला पिव्होट (सारांश काढणारा तक्ता) यांत पडू नका. ते वापरणाऱ्याचं घर आहे.

सगळे रिपोर्ट आयटीकडे ओढून घेण्याचा मोह टाळा. तुम्ही तिघं आहात. रांग लागेल, आणि लांबलेल्या रांगेतूनच लपवलेल्या फाइली जन्माला येतात. त्याऐवजी वचन द्या की तपासणीसाठी दिलेली क्वेरी दोन दिवसांत परत मिळेल, आणि ते पाळा. लोक नियमाला कंटाळत नाहीत, उत्तर न मिळण्याला कंटाळतात. नवं महागडं रिपोर्टिंग सॉफ्टवेअरही आत्ता घेऊ नका. व्याख्या ठरल्यावर घेतलंत तर त्याचा उपयोग आहे. आधी घेतलंत तर हेच न जुळणारे आकडे त्यात दिसतील. अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीच्या वर जात नाही, त्यामुळे जी फुगत चालली आहे तेवढी मात्र लवकर हलवा.

आता तुमचे सहकारी. धोरणाचा कागद बाजूला ठेवून तुम्ही त्यांच्या टेबलाशी जा. त्यांना तुमच्या खोलीत बोलावू नका. त्यांच्या क्वेरीत ‘हे गोदाम वगळा’, ‘या कोडचा माल धरू नका’ अशा अटी असतील. त्यातली प्रत्येक अट कधीतरी झालेल्या घोळातून आलेली आहे, आणि तिचं कारण जगात फक्त त्यांच्या डोक्यात आहे. सहा महिन्यांनी ते तिथे नसतील. आठवड्यातून दोन तास ठरवून घ्या, सोबत तुमच्या विभागातलं कुणीतरी आणि साठ्यातलं कुणीतरी असू द्या, एकेक क्वेरी उघडा आणि प्रत्येक अटीला ‘हे का?’ एवढंच विचारा. उत्तर त्याच ओळीशेजारी टिपणात लिहा. काही अटींचं कारण त्यांनाही आठवणार नाही. त्या अटी काढून टाकण्याआधी एक महिना दोन्ही तऱ्हेने चालवून फरक बघा. साठ्याच्या व्याख्या त्यांनीच अंतिम करायच्या आणि त्या पानावर त्यांचं नाव राहील, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. बैठकीत, मेलमध्ये, कुठेही या कामाला ‘अनधिकृत’ म्हणू नका. त्यांचे रिपोर्ट थांबले असते तर ही कंपनी इतकी वर्षं माल मागवूच शकली नसती, आणि हे संचालकांसमोर म्हणायला कुणाची हरकत असू नये.

याच बैठकांत कळेल की काही रिपोर्ट कुणी वाचतच नाही. ज्यांच्याकडे जातात त्यांना विचारून ते बंद करा.

संचालकांना आजच एवढं कळवा : रिपोर्ट थांबणार नाहीत, पुढच्या महिनाअखेरीआधी ते वेगळ्या प्रतीवरून चालतील, आणि त्यासाठी एक सर्व्हर आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वेळेतले आठवड्याचे दोन तास लागतील. ते दोन तास साठा विभागाने मोकळे करून द्यायचे आहेत, हे संचालकांनीच सांगायला हवं. तुम्ही सांगून ते होणार नाही.

शेवटी एक चाचणी, जी निवृत्तीच्या महिनाभर आधी करायची. आठवड्याच्या मधला, महिनाअखेरीपासून लांबचा एक दिवस निवडा, सगळ्यांना पूर्वकल्पना द्या, ते सहकारी कामावर असल्याची खात्री करा, आणि त्यांचं स्वतःचं लॉगिन आणि जुनं सामायिक लॉगिन दोन्ही दिवसभर बंद ठेवा. त्या दिवशी जे जे थांबेल ते तुमच्या यादीतून सुटलेलं होतं. संध्याकाळी दोन्ही पुन्हा चालू करा आणि सुटलेल्यांची क्वेरी त्यांच्याकडून समजून घ्यायला अजून चार आठवडे हातात असतील.